मागच्या काचेवरचा पत्ता

नारिन ते बिश्केक, एक दिवस जातो, एक दिवस येतो.
सोळा सीटा, आणि सतरावा माणूस उलट्या बादलीवर.
बुरुल माझ्याहून मोठी, म्हणून एजे म्हणतो.
बुरुल-एजे गाडीत कधी बसत नाही.
फक्त सकाळी सहाला स्टँडवर येते
आणि मागच्या काचेच्या धुळीत बोटानं लिहिते
आपल्या दुकानाचा पत्ता.
नळाजवळचा नव्हे,
तो दुसरा, ज्याच्या मध्ये टिंबं असतात.

भाच्यानं सुट्टीत करून दिली वेबसाइट,
आणि गेला नोवोसिबिर्स्कला, गोदामात खोकी उचलायला.
जाताना म्हणाला, आता तुझं दुकान जगभर उघडं.
जगभर उघड्या त्या दुकानात
महिन्याभरात तीन माणसं डोकावली.
एक ती. एक बेकमिर्झा.
तिसरा तू का, तिनं मला विचारलं.
मी म्हटलं, एजे, माझ्या फोनला बटणं आहेत.

जाहिरातीचा भाव तिनं काढला होता.
आकडा सांगितला नाही,
“तेवढ्यात मेंढी येते,” म्हणाली,
“आणि मेंढी निदान लोकर तरी देते.”

मग सुरू झालं तिचं बिनपैशाचं.
नमद्याच्या सपातांच्या तळाशी लाल दोऱ्यानं पत्ता शिवला;
लोक घरात चालले, आणि सगळ्यात आधी
झिजून गेलं ते टिंब.
पाववाल्या झुउराच्या फळीवर खडूनं लिहिला,
तो पिठाखाली गेला.
माझ्या काचेवर कोचकोरच्या कुण्या पोरानं
एक अक्षर वाढवलं,
दोन दिवस मी डोलोनचा घाट चढलो-उतरलो
नसलेल्या दुकानाची जाहिरात करत.

बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात.
एजे बोलत नाही फारशी.
तिच्याकडे माती नाही, सोनं नाही,
ओली लोकर, गरम पाणी, आणि सुजलेली मनगटं.

जानेवारीत घाटात बर्फ कोसळलं.
चार तास गाड्या एकामागे एक.
माझ्यामागच्या मोटारीत कुणी बाई होती,
तिला वाचायला दुसरं काही नव्हतं.
तिनं एजेला लिहिलं. मागणी नव्हे.
आईच्या हातचा नमदा आहे, कसर लागली आहे,
टाकून देऊ का?

दोन रात्री एजे उत्तर लिहीत होती, एका बोटानं.
कोरड्या बर्फावर पालथा घाल.
काठीनं झोड, पण काठाला नको.
भोक दिसेल तिथे जुनीच लोकर भर, नवी वेगळी आक्रसते.
टाका कुठून घ्यायचा, दोऱ्याला पीळ किती.
आणि शेवटी: टाकू नकोस.

मी चिडलो. म्हटलं, सगळी विद्या फुकट वाटलीस,
लोकांना काय, फुकट ते पौष्टिक.
ती लोकर पिंजत राहिली.

त्या बाईनं ते उत्तर बहिणीला पाठवलं,
बहिणीनं शेजारणीला, पुढे कुठे गेलं माहीत नाही.
उन्हं लांबली तशी पत्रं येऊ लागली:
बूट आक्रसले, काय करू.
खोगिराखालचा नमदा घोड्याला टोचतो.
रंग उतरतो, मुलाचे मोजे निळे झाले.
एजे प्रत्येकाला लिहायची, चुलीवर चहा उतू जाईपर्यंत.
आणि आठव्या-दहाव्या पत्राच्या तळाशी,
भीत भीत विचारल्यासारखं,
दोन जोड मिळतील का, अडतीस नंबर.

पार्सलं मीच नेतो. बादलीवाल्याच्या मांडीवर ठेवतो.
श्रीमंत झाली नाही. मेंढी घेतली, एक.

परवा नाक्यावर पोलिसानं अडवलं.
मागची काच घाण, दंड.
पुसून टाकतो म्हणालो असतो, सुटलो असतो.
तोवर तो वाकून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होता.
मग हळूच, त्रेचाळीस नंबर असतो का?
असतो म्हटलं.
दंड घेतलाच.

एजेला हे सांगितलेलं नाही.
तिच्या हिशेबात अजून सगळं फुकटच आहे.